घोडीच्या बदल्यात आलेलं घड्याळ

आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती भाजीत घालायला, दाराला बांधायला नाही. भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाते. त्यामुळे हे मी लिहितेय याचं माझ्या नवऱ्यालाच जास्त हसू येतंय. हसू दे.

मी नंदुरबारला राहते. जुन्या भारी घड्याळांची परीक्षा करणं हा माझा धंदा. मॉडेल कुठलं, आतलं मशीन त्याच मॉडेलचं की दुसरंच बसवलेलं, हे बघून सांगते. बाजारात जुळवलेला माल भरपूर - डायल एकाची, मशीन भलत्याचं!

मागच्या हिवाळ्यात माझी मामेबहीण सुरेखा हिचा सारंगखेड्याहून फोन आला. तिच्या आजेसासऱ्यांना, म्हणजे आबांना, मनगटावरचं घड्याळ दाखवायचं होतं. आबा नव्वदीचे. तरुणपणी घोड्यांच्या जत्रेत त्यांच्या घोडीला तोड नव्हती म्हणे. गुजरातकडच्या एका शौकीन माणसाला ती इतकी आवडली की त्याने हातातलं स्विस घड्याळ काढून आबांच्या हातात बांधलं आणि घोडी नेली. तो माणूस पुन्हा दिसला नाही. घड्याळही काही वर्षांत बंद पडलं. तेव्हापासून गावाला विषय मिळाला. जत्रेत कुणीही भेटलं की विचारणार, "आबा, कितला वाजनात?" आणि सगळे हसणार. आबा मात्र बंद घड्याळ रोज हातात घालायचे.

"कधी उघडून का नाही बघितलं?" सारंगखेड्याला गेल्यावर मी आबांना विचारलं.

"त्यानी जबान दिन्ही व्हती," आबा म्हणाले. "झाकन खोलनं म्हनजे त्याना वर शक लेनं."

"मग आज?"

"आते जावानी येळ उनी, पोरी. तठे तो भेटी, तवय त्याले मिठी मारू का काठी, इतलंच माले सांग."

मी हसले, पण ते हसले नाहीत. खरंच तेवढंच त्यांना हवं होतं.

दुपारी ओट्यावर बसून मी डोळ्याला भिंग लावलं. डायल नंतर रंगवलेली, अक्षरं जाडसर. चावी भलत्याच कंपनीची. मागचं झाकण गंजून बसलेलं, माझ्या ओपनरला दाद देईना. जास्त जोर लावला तर ओरखडे पडले असते. मशीन न बघता निकाल देऊ नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण जुळवलेल्या घड्याळांचा हाच थाट असतो, आणि मी मनाशी ठरवून टाकलं... खोटं.

आता हे या माणसाला सांगायचं कसं?

ती अडचण आबांनीच सोडवली. घोड्यांचा सौदा तोंडाने होत नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. धराल तितकी बोटं, पूर्ण पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्यांना काही कळत नाही. आबांनी खांद्यावरचा मोठा रुमाल माझ्या हातावर टाकला.

"तोंडे सांगू नको. खरी व्हई ते मन्हं एक बोट धर. खोटी व्हई ते मूठ आवळ."

मी मान खाली घालून वाट बघत बसले. हात आला. त्याने माझी तीन बोटं धरली, सोडली. मग अख्खा पंजा. मग एकच बोट. वाटलं, म्हातारा मला घोडेबाजार शिकवतोय! हात मोठा होता, गरम, तळव्याला घट्टे.

मी वर बघितलं. सुरेखाने चहा आणला होता आणि आबा दोन्ही हातांत बशी धरून फुंकर घालत होते. त्यांचे हात काटकुळे. माझ्या बोटावरची पकड मात्र अजून तशीच होती... मग ती सुटली.

मी घाबरले. हात झटकन बाहेर काढला. "आबा, परत एकदा बघते," म्हणून ओपनर लावला, आणि झाकण बरणीच्या झाकणासारखं फिरलं.

आतलं मशीन मी विसरणार नाही. तांबूस झळाळी, एक डाग नाही, कडा इतक्या सफाईने घासलेल्या की भिंग काढवेना. केवढा जीव लावून केलेलं काम! पट्टीवर मशीनचा नंबर होता - तीन, पाच, एक. तीनशे एक्कावन्न. झाकणाच्या आतला मॉडेल नंबर त्याच्याशी तंतोतंत जुळणारा. डायल कुणी रंगवली, चावी कुणी बदलली, देव जाणे. घड्याळ अस्सल होतं. मी काडीने आतलं अर्धगोल वजन हलवलं, तर ते दोन्हीकडच्या स्प्रिंगला टेकत टक्... टक् वाजू लागलं.

"आयक," आबा म्हणाले, "टापा टाकी ऱ्हायनी."

मी रुमाल ओढून घेतला आणि खाली त्यांचं एक बोट घट्ट धरलं. आबांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. डोळे पुसत म्हणाले, "इतला वरीस धीर धरा. आज एक दिन नही धराई गया."

या कंपनीने त्या काळात वेगवेगळ्या नंबरांची अशी कितीतरी मशीनं काढली. डायल बघून त्यातलं नेमकं कुठलं, हे मला सांगता आलं नसतं, आबांना तर नाहीच. बोटांना मुंग्या आल्या असतील, भास झाला असेल, सगळं स्वतःला सांगून झालं. पटत नाही. तो हात कुणाचा, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की मी आबांना 'खोटी' सांगणार होते, आणि त्याआधीच कुणीतरी माझा हात धरला.