दारावरचे वीस शब्द

लंडनमधल्या टॉटनहॅमच्या शाळेत मर्लीन पिनॉक सव्वीस वर्षं मुलांना जेवण वाढत होत्या. हात सढळ, बोलणं मोजकं. त्याला कारण होतं. बाराव्या वर्षी त्या जमैकाहून लंडनला आल्या, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून वर्गातल्या बाईंनी त्यांना मंदबुद्धी ठरवलं आणि मागच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून आईची बोली त्यांनी उंबऱ्याबाहेर काढली नव्हती.

एका सोमवारी नवे मुख्याध्यापक हॅलिवेल यांनी जेवणघराच्या दारावर यादी डकवली. हे वीस शब्द शाळेत बोलायचे नाहीत. मर्लीनबाईंनी चष्मा लावून वाचलं. 'काय चाललंय' या अर्थाचं वागवान, शाबासकीचं बिग अप, ब्रेद्रिन, यार्ड... निम्मे शब्द त्यांच्या आईच्या तोंडचे होते. त्याच दुपारी रोशेल नावाची मुलगी ताट न घेताच बसून राहिली. निबंधात तिने घराला 'यार्ड' म्हटलं होतं आणि वर्गासमोर बोलणी खाल्ली होती.

मर्लीनबाईंनी डाव खाली ठेवला, एप्रन सोडला आणि तडक मुख्याध्यापकांची खोली गाठली.

"सर, हे शब्द आले कुठून, ठाऊक आहे?"

"गाण्यांतून, टोळक्यांतून. आणखी कुठून येणार?"

"माझ्या आईकडून आले. आमच्याकडे एका अंगणाभोवती पाच बिऱ्हाडं असायची. अंगण म्हणजे यार्ड. चूल तिथे, भांडण तिथे, मयतसुद्धा तिथेच. म्हणून घरालाच यार्ड म्हणतो. आणि ब्रेद्रिन, म्हणजे भाऊबंद, तो तर बायबलातला. तुमच्याच पाद्र्यांनी आणून दिलेला."

सरांनी खुर्ची पुढे केली. घंटा होऊन गेली तरी दोघं बोलत होते. परीक्षेला पुस्तकी इंग्रजी लागणारच, हे बाईंनी मान्य केलं.

"ती शिकवाच," त्या म्हणाल्या. "पण एक शिकवताना दुसरी चेचू नका. माझी चेचली. पन्नास वर्षं गप्प आहे मी."

सरांनी यादी उतरवली आणि बाईंनाच वर्गावर बोलावलं. पुढे दर गुरुवारी इंग्रजीच्या तासाला बाई एकेका शब्दाचं कूळ सांगू लागल्या. मग मुलंच घरून शब्द आणू लागली. एकाचे आजोबा जुने लंडनकर फळवाले. 'स्टेअर्स'शी यमक जुळतं म्हणून ते जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स', म्हणजे सफरचंद-नाशपाती, म्हणायचे. त्यावर वर्ग पोट धरून हसला. रोशेलने तर अशा शब्दांची वहीच केली.

त्या हिवाळ्यात बसमध्ये बहिणीचा फोन आला. मर्लीनबाई आपल्या बोलीत, खणखणीत आवाजात बोलल्या. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. त्यांनी आवाज कमी केला नाही.