ती कधी बेल वाजवायची नाही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले कडवे वाल, मध्ये परात, एका बाजूला माझी बायको शालन, दुसऱ्या बाजूला मी. माझा जन्म बसच्या डेपोत टायर बदलण्यात गेला, त्यामुळे माझ्या हातून निम्मे वाल फुटायचे. "अहो, वाल आहे तो, टायर नाय. हलकेच चिमटा काढा," ती म्हणाली. मी म्हटलं, "बिरड्यात गेल्यावर कोण बघतंय?" "मी बघते ना!" एवढंच बोलणं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुरियरवाला होता, मजला चुकलेला. शालन दचकली, उठायला गेली आणि तिथेच आडवी झाली... परात कलंडली.

मी कांदा आणायला धावलो. तिला अशी फिट यायची, लग्नापासून बघत होतो. कांदा फोडायचा, नाकाशी धरायचा, जरा वेळाने डोळे उघडून म्हणायची, "लांब करा तो, उमळतंय." घाटकोपरला आमच्या आख्ख्या चाळीला ठाऊक, शालनताई पडली की कांदा. पुढे चाळीची बिल्डिंग झाली, तरी कांदा तोच. त्या दिवशीही मी बुक्कीने फोडला, नाकाशी धरला... धरूनच बसलो.

हॉस्पिटलात सांगितलं, आणायच्या आधीच गेली. तिथे एक डॉक्टरीणबाई आली, माझ्या मुलीच्या वयाची. चालतीबोलती माणसं एकाएकी का जातात, त्यावरच तिचं संशोधन. पोस्टमॉर्टेम करू द्याल का, तपासायला थोडं रक्त घेऊ का, असं विचारत होती. माझी मेहुणी अंगावर धावून गेली, "सवाष्ण गेलीय आमची, कापाकापी नको!" मी बाईला तोंडावर विचारलं, "एवढं करून ती उठणार काय?" "नाही काका," ती म्हणाली. "पण तुम्हाला मुलंबाळं आहेत ना?" मी वैशालीकडे बघितलं. एकुलती एक मुलगी आमची. भिंतीला टेकून उभी होती, आईच्या चपला छातीशी धरून. मी म्हटलं, करा काय करायचं ते.

दिवसकार्य झाल्यावर बाईने बोलावलं. म्हणाली, हृदय बघायला धडधाकट होतं. मग खोदून खोदून विचारायला लागली. माहेरी कोणी असं गेलं होतं का? गेला होता, शालनचा धाकटा भाऊ. अलिबागकडे गावात लग्न होतं, वरातीत फटाका फुटला आणि हा खाली. गावाने ठरवलं, नजर लागली. शालन कशाने पडायची? कुकरच्या शिट्टीने, गजराने, फोनच्या घंटीने. बोलता बोलता माझंच मला आठवलं... ती स्वतःच्या घराचीसुद्धा बेल वाजवायची नाही. बाजारातून आली की कडीवर बांगड्यांनी टकटक करायची. मी चिडवायचो, "बेल काय शोभेला लावलीय?" तर म्हणायची, "मेल्या बेलने छातीत लाथ बसल्यासारखं होतं." आम्ही हसायचो. तीही हसायची.

बाईने सांगितलं, ती फिट नव्हतीच काका. एकाएकी मोठा आवाज झाला की हृदयाची लय बिघडायची आणि बहुतेक वेळा आपोआप जागेवर यायची. नाव मात्र कांद्याचं व्हायचं. रक्तातही तेच निघालं. हे आईकडून लेकराकडे येऊ शकतं, म्हणाली, मुलीला घेऊन या.

वैशाली तयार होईना. शाळेत असताना घंटेला ती एकदा पडली होती, तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले होते, आईवर गेलीय. तेच तिच्या मनात असणार. फोनवर म्हणाली, "बाबा, निघालं तर काय करू? रोज मरणाची वाट बघत बसू?" मी म्हटलं, "निघालं तर गोळी खा. तुझ्या आईला कोणी गोळी दिली नाय, कांदा दिला." ती खूप रडली. मीही इकडे परातीसमोर बसलो होतो. ती परात मी अजून वर ठेवलेली नाही. घरी आता दचकायला कोणी नसतं, तरी बेल वाजली की मला राग येतो. मला ऐकायची असते ती टकटक.

शेवटी वैशाली आली. छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघ निघाली. बाईने रेघेवर बोट ठेवलं आणि मला काय ते कळलं. तिलाही आहे. पण गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या. विचारल्याशिवाय दुसरं औषध घ्यायचं नाही, उशाशी गजर नको, फोन नको, आणि घरातली ती कर्कश बेल आधी काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस खिशात टाकला आणि मुलुंडला तिच्या घरी गेलो. दारात उभा राहिलो. बेलकडे हात गेला, मागे घेतला. किल्ल्यांचा जुडगा काढून कडीवर हलकेच टकटक केलं, जसं शालन करायची तसं. आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. दार उघडलं. वैशाली, केस मोकळे, माझ्या मागे जिन्याकडे बघत होती.

"मला वाटलं..." एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "स्टूल आण," आणि बेलचे स्क्रू सोडवायला लागलो.