स्टुलावरचं प्लास्टिक

शर्टाला बटण कुणीही लावेल, काज पाडायला मात्र हात बसावा लागतो, असं ती ऐटीत सांगायची. शिवणकारखान्यात उभा जन्म काजाच्या मशीनवर गेला, त्यामुळे सगळे तिला काजवालीच म्हणायचे. जिभेला धार, पण पोटात पाप नाही. तिने सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल केली की मशीनवरच्या बायकांची अख्खी लाइन तोंडावर हात धरून हसायची.

लाइनीचा एक नियम होता. बाथरूमला जायचं तर गळ्यात लाल पाटी अडकवून जायचं, आणि सगळ्या बायकांत मिळून पाटी एकच. ती परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही. बायका त्यावरही थट्टा करत आणि पाणी बेतानेच पीत.

एका दुपारी पाटी गेली ती येईचना. काजवाली लघवी दाबून बसली. शेवटी उठून तिने सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, पाटी आली की जा. पाटी आली तेव्हा उशीर झाला होता. नातवंडं असलेली बाई, आणि सगळ्यांच्या देखत हे असं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुपरवायझर ओरडला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने फरशी पुसून घेतली आणि तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती येऊन बघते तर तिच्या स्टुलाला जाड प्लास्टिक करकचून बांधलेलं. बाकीच्या स्टुलांवर नेहमीच्या कापडी गाद्या. तिने ते काढायला सांगितलं, तर सुपरवायझर म्हणे, तुमच्याच सोयीसाठी आहे, मावशी.

त्या दिवसापासून नकला बंद झाल्या. बसताना प्लास्टिक करकरायचं आणि तिची मान खाली जायची. लेकीला हे कळलं, तेव्हा ती आईला हाताला धरून कामगार कचेरीत घेऊन गेली.

तिथला अधिकारी भला माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकेक विचारत गेला. पगार वेळेवर होतो का, बाथरूम आहे का, जेवणाची सुट्टी मिळते का, कुणी शिवीगाळ केली का. पगार होत होता, बाथरूम होतं, सुट्टी होती, शिवी कुणी दिली नव्हती.

"मग बाई, तुमचा कुठला हक्क मारला त्यांनी?"

काजवाली म्हणाली, "साहेब, मी माणूस आहे. त्या प्लास्टिकवर मला बसवत नाही."

याला कुठलं कलम लावावं ते त्याला सुचेना. एकीलाच वेगळं वागवणं बरं नाही, एवढं कारखान्यात सांगतो म्हणाला, आणि त्याने सांगितलंही.

सोमवारी सगळ्या स्टुलांवर प्लास्टिक होतं.

"आता सगळ्या सारख्या," सुपरवायझर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. आपण न्याय केला असंच त्याला मनापासून वाटत होतं.

बायकांनी काजवालीला फैलावर घेतलं. शेजारची तर तिच्याकडे पाठ करून जेवू लागली. काजवालीला ते चाललं. निदान कुणाला राग तरी येत होता. पण हळूहळू तोही ओसरला. घाम येतो म्हणून कुणी जुन्या चादरीची घडी वर टाकली, कुणी तशीच बसली, आणि गप्पा पुन्हा नणंदा-भावजयांवर आल्या.

मग लाइनीत एक नवी बाई आली. तिने प्लास्टिक फडक्याने पुसलं आणि कामाला बसली. हे प्लास्टिक कशाला, असं ही आता विचारेल, मग विचारेल, म्हणून काजवाली वाट बघत राहिली. शेवटी न राहवून तिनेच विचारलं, "बसवतं ना गं त्याच्यावर?"

"न बसवायला काय झालं, मावशी?" नवी म्हणाली. "स्टूलच आहे की."