सुतकातलं मशीन

“आधी ह्यातला माणूस बाहेर काढ, मग मी नळी लावते,” महानंदाकाकू म्हणाल्या आणि नाकातली नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

उदगीरला त्यांच्या घरी, त्यांच्या खाटेसमोर मी गुडघ्यावर बसलो होतो. बाजूला आमचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू होतं. सून सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेच सकाळी फोन केला होता. आत्या नळी ठेवत न्हाईत, कायबी बोलायल्यात, एकदा येऊन बघा म्हणून.

मी नांदेडच्या एका एजन्सीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. घरी ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटना आम्ही मशीन भाड्याने देतो. देगलूरपासून निलंग्यापर्यंत आमची मशीनं आहेत. ती बसवायची, तपासायची, गरज संपली की उचलून आणायची, हे माझं काम. गरज संपली म्हणजे बहुतेक वेळा पेशंट गेलेला असतो.

काकूंनी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांसाठी बरीच वर्षं खानावळ चालवली. चुलीवर, कोंदट खोलीत. त्या धुराने फुप्फुसं खराब झाली. फुप्फुसं खराब झाली की त्यांच्यातून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. तीही मग थकते. पाय सुजतात, पोट फुगतं, अंघोळ करतानाही धाप लागते. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. काकूंना डॉक्टरांनी दिवसाचा बहुतेक वेळ ऑक्सिजन लिहून दिला होता. तो मिळाला की त्या उंबऱ्यापर्यंत येऊन गल्लीतल्या बायकांशी भांडू शकत होत्या. नाही मिळाला तर हृदय आणखी थकणार होतं.

“कोण माणूस, काकू?” मी विचारलं.

“मला काय माहीत? तू आणलास त्याला. खोकतंय बघ. दोनदा बारीक, मग एकदा लांब. ऐक.”

मी ऐकलं. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा आत ओढतो आणि एका खास दाण्यांनी भरलेल्या नळकांड्यांतून दाबाने सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. दर काही सेकंदांनी मशीन धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं, तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो एक आवाज असतो. या मशीनमधून दोन तुटक आवाज येत होते आणि मागून एक लांब उसासा.

हा खोकला मी ओळखत होतो. लोह्याचे भीमराव असेच खोकायचे. त्यांच्या घरून मी हे मशीन उचलून आणलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. काकूंचं आधीचं मशीन बदलून मी याच आठवड्यात हे बसवलं होतं.

“अन् उदाचा वास येतोय नळीतून,” काकू म्हणाल्या. “त्याच्याम्होरं कुणीतरी ऊद जाळायलंय. पिठाचाबी वास येतोय. करपलेल्या.”

“आत्या, आपल्या घरात कुणी ऊद जाळलाय का?” सविता म्हणाली.

“आपल्या घरात न्हाई गं. त्याच्या घरात.”

सविताने माझ्याकडे बघितलं. “भाऊ, मशीन नवीन हाय ना? तुमी तसंच म्हणला होता.”

मी तसंच म्हणालो होतो. आमच्या भागात मेलेल्या माणसाचं अंथरूण गावाबाहेर टाकतात. त्याच्या नाकाला जोडलेलं मशीन दुसऱ्या घरात कोण घेईल? नळी, पाण्याची बाटली, बाहेरचा फिल्टर बदलायचा, पुसून काढायचं आणि पुढे द्यायचं, अशी धंद्यातली रीत. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही गैर नाही. कुणी विचारलंच तर ‘नवीनच समजा’ म्हणायचं, हेही ठरलेलं. मी ते वाक्य पुन्हा म्हणालो.

“नवीनच समजा, वहिनी.”

“खानावळीत शिळी भाजी ताजीच समजा म्हणून मी वाढली असती, तर हमालांनी ताट डोक्यात घातलं असतं माझ्या,” काकू म्हणाल्या. “अन् ह्या हवेत दम न्हाई. नुस्ता वारा हाय.”

इथे मी थांबायला हवं होतं. ‘हवेत दम नाही’ ही तक्रार होती. ऑक्सिजन किती शुद्ध येतोय ते मोजायचं मीटर माझ्या बॅगेत होतं आणि बॅग माझ्या गुडघ्याला लागून होती. पण मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. त्या खोकल्याजवळून मला उठायचं होतं. आणि मीटर लावायचं म्हणजे मशीनचा इतिहास निघणार, असं काहीतरी मनात होतं. मी फक्त काचेच्या नळीतली गोळी पाहिली. ती दोन लिटरवर तरंगत होती. गोळी हवा किती येते ते सांगते, कसली येते ते सांगत नाही. हे मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. काही मशीनना शुद्धता कमी झाली की पेटणारा दिवा असतो, या जुन्या मॉडेलला तो नव्हता.

“मशीन ओके आहे, काकू,” मी म्हणालो. “वहम आहे तुमचा. नळी काढू नका. काढली तर हृदयावर ताण येईल. मला शब्द द्या.”

काकूंनी माझ्या हातातून नळी घेतली. मग ती स्वतःच नाकाला लावली. “तू इंजिनेर हायस,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतोस तर न्हाई काढत.”

परतीच्या रस्त्यात साहेबांना फोन केला. काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. खोकल्याचं सांगितलं नाही.

“अरे, ऑक्सिजन कमी झाला की पेशंटला भास होतात,” साहेब हसले. “नॉर्मल आहे.”

मीही हो म्हणालो. ऑक्सिजन कमी झाला असेल तर तो का कमी झाला, हे आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

पुढच्या सकाळी पुन्हा सविताचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. “भाऊ, आत्या उठंनात. हाक मारली तर नुस्तं हूं करायल्यात. बोटं निळी पडलीत.”

“नळी काढली का त्यांनी?”

“न्हाई! रातभर लावलेलीच हाय. बाथरूमलाबी लावूनच गेल्या. इंजिनेरला शब्द दिलाय म्हणायल्या होत्या.”

मी तिला कोपऱ्यातला सिलिंडर जोडायला लावला. वीज गेली तर असावा म्हणून आम्ही प्रत्येक घरी एक सिलिंडर ठेवतो. चावी कशी फिरवायची, काटा कुठे ठेवायचा, सगळं फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त सोडू नका, हेही. अशा पेशंटला घाबरून जास्त ऑक्सिजन दिला तर उलटा त्रास होतो. मग ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना लातूरला घेऊन गेली.

मी उदगीरला पोचलो तेव्हा घरात शेजारची एक बाई सोडून कुणी नव्हतं. तिने मला दार उघडून दिलं, स्वतः मात्र आत आली नाही. गडबडीत मशीन कुणी बंद केलंच नव्हतं. रिकाम्या खाटेशेजारी ते चालू होतं. उशीवर नळी पडली होती. दोनदा बारीक, मग एकदा लांब.

मी मीटर लावलं. नव्वद टक्क्यांच्या वर पाहिजे होतं. चाळीसच्या आसपास काटा घुटमळत होता. साध्या हवेत एकवीस असतो; नाकाशी ती हवा मिसळली की साध्या श्वासापेक्षा थोडं बरं, एवढंच. काकू दिवसरात्र प्रामाणिकपणे नळी लावून जवळजवळ नुसता वारा ओढत होत्या. माझ्या शब्दावर.

बटण बंद करून मागचं झाकण उघडलं. बाहेरचा फिल्टर मी बदललेला, पांढराशुभ्र. आतला मात्र काळा मिट्ट. त्यावर काजळी, काजळीवर चिकटलेलं पीठ, आणि उदाचा असा वास की देवळाच्या गाभाऱ्यात तोंड घातल्यासारखं वाटलं. हवा बाहेर टाकायच्या झडपेतही तोच चिकटा होता. ती अडकत उघडायची, म्हणून तुटक आवाज. नळकांड्यांतले दाणे दमट धुराने निकामी झाले होते. सगळ्याला कारण होतं. फक्त इतका धूर, इतकं पीठ भीमरावांच्या मशीनमध्ये शिरलं कसं, ते कळत नव्हतं. भीमराव होते तेव्हा त्यांच्यासमोर कुणी उदबत्तीही लावत नव्हतं.

मशीन गाडीत टाकलं आणि येताना लोह्याला भीमरावांच्या घरी थांबलो. त्यांचा मुलगा बालाजी अंगणात सोयाबीनच्या गोण्यांची तोंडं शिवत बसला होता.

“बालाजी, वडील गेल्यावर मशीन चालवलं होतं का?”

तो शिवायचा थांबला. “हाव. चालूच होतं की.”

“कधीपर्यंत?”

“तुमी तेराव्यानंतर न्यायला आला तवर. त्या सकाळी बंद केलं.”

“तेरा दिवस? रिकाम्या जागेला?” मी विचारलं.

“आमच्यात माणूस गेला की त्याच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवत्यात,” तो सांगू लागला. “वर पाटी झाकायची. सुतक फिटंपर्यंत दिवा इझू द्यायचा न्हाई. सांजसकाळ ऊद घालायचा. मशीन तिथंच होतं, उशापाशी. आई म्हणली, दिवा चालू ठिवायचा तर ह्यांचा वारा का म्हून बंद करायचा? त्यांना दिसाय दिवा लागतोय, तर दम घ्याय वाराबी लागंल की. तुमाला फोन केला तवा तुमीच म्हणला, मशीन हाय तिथं राहू द्या.”

म्हणालो होतो. राहू द्या म्हणजे घाईने परत करू नका, असं मला म्हणायचं होतं. बंद करा, हे सांगायला मी विसरलो होतो. आणि उघडा दिवा ऑक्सिजनजवळ कधीही ठेवायचा नसतो. ते घर पेटलं नाही, हे केवळ नशीब.

“नळी कुठं होती?”

“उशीवर. नाकाच्या जागेला.” बालाजीने आवाज खाली घेतला. “सकाळी सकाळी नळीत पाणी दिसायचं, सायेब. माणसाच्या दमानं येतंय तसं.”

“ते बाटलीतल्या पाण्यामुळे येतं,” मी म्हणालो. ऑक्सिजन कोरडा लागू नये म्हणून तो पाण्याच्या बाटलीतून सोडतात, गारव्याने नळीत थेंब धरतात. रोजची गोष्ट आहे.

“बाटली तर काढून ठिवली होती आमी. पहिल्याच दिवशी,” बालाजी म्हणाला.

एवढ्यात त्याची आई घरातून आली. माझ्याशी काही न बोलता ती सरळ गाडीपाशी गेली. मागचं दार उघडंच होतं. तिने मशीनवर हात ठेवला, कपाळावर ठेवतात तसा.

“थंड पडलंय,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दमट हवेनेही नळीत थेंब धरू शकतात. मी नंतर बऱ्याच वेळा स्वतःला हे सांगितलं आहे.

लातूरच्या वॉर्डात काकू तिसऱ्या दिवशी बोलू लागल्या. मी गेलो तेव्हा सविता त्यांना मऊ भात भरवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीन कुणाचं होतं, ते मला माहीत होतं, ते तसं का झालं, आणि मीटर बॅगेत असून मी काढलं नव्हतं.

सविताने वाटी खाली ठेवली. “म्हंजे वहम न्हवता?”

“नाही.”

“भाऊ, तुमी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. मी तिथंच उभी होते.” पुढे ती माझ्याशी बोलली नाही. अजूनही मशीनबद्दल काही असेल तर तिचा नवरा फोन करतो.

काकूंनी विचारलं, “नाव काय त्याचं?”

“भीमराव.”

“त्याचं काय चुकलं? गेलेला माणूस. घरच्यांनी प्रेमानं वारा घातला त्याला.” त्या दम घ्यायला थांबल्या. “तू म्हणला असतास ना, काकू, हे एका मेलेल्याचं हाय, तर मी शिव्या घातल्या असत्या. अन् मग लावून घेतलं असतं. दमापुढं कसला इटाळ?”



त्या घरी आल्या. आता त्यांच्याकडे दुसरं मशीन आहे. तेही वापरलेलंच, आणि आधी कुणाचं होतं ते मी बसवण्याआधी सांगितलं. दर महिन्याला मी स्वतः शुद्धता मोजून त्यांना आकडा दाखवतो. पण त्या दिवसांनी हृदयाचं जे नुकसान केलं ते भरून आलं नाही. पूर्वी त्या उंबऱ्यापर्यंत यायच्या. आता खाटेवरून खिडकीपर्यंत येतात. गल्लीतल्या बायका भांडायला खिडकीशी जमतात.

साहेबांना मी झालेलं सगळं लेखी दिलं. परत आलेलं प्रत्येक मशीन आता पूर्ण उघडून, मोजून मगच पुढे जातं. भाड्याने देताना ‘नवीनच समजा’ म्हणायचं नाही, असंही ठरलं. साहेबांना भीती होती की गिऱ्हाईकं पळतील. थोडी पळाली, बाकीच्यांनी नाक मुरडून मशीन घेतलं. पेशंट हवेबद्दल काही म्हणाला तर आधी मोजायचं, मग त्याला समजवायचं, हा धडा कुठल्याही मॅन्युअलच्या पहिल्या पानावर असतो. मी तो इतक्या वर्षांनी वाचला.

आणि एक सवय लागली. एखाद्या घरून फोन येतो, बाबा गेले, आई गेली. मी विचारपूस करतो, धीर देतो. मग म्हणतो, आता मशीनचं बटण बंद करा. पलीकडे बहुतेक वेळा कुणाचाच हात लगेच तिकडे जात नाही. मागे ते चालू असतं, फुस्स, थोडं थांबून पुन्हा फुस्स. मी घाई करत नाही. तो आवाज बंद झालेला ऐकू आला की मगच फोन ठेवतो.