बाबांच्या ताटाची डावी बाजू

दुपारपासून डोकं सुन्न आहे. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीनंतर बाबांना लकवा मारला होता. आता ते चालतात, बोलतात. उद्यापासून मोटारसायकलनं संत्र्याच्या बगिच्यात जातो म्हणत होते, आणि मी हो म्हटलं होतं.

आज त्यांना रामाकोन्याहून सौंसरला व्यायामासाठी दवाखान्यात नेलं. तिथं आता लकव्याच्या प्रत्येक पेशंटची नजरही तपासून राहिले. डॉक्टर मॅडमनं बाबांना समोर पाहायला लावलं आणि डावीकडे बोटं हलवली.

"काकाजी, बोटं दिसून राहिले का?"

"कोणते बोटं?"

मॅडम म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, पण लकव्यानं दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली. पेशंटला स्वतःलाही ते समजत नाही. गाडी देऊ नका.

घरी आलो तर आईनं ताट वाढलं. लकव्यापासून बाबा डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतात. आम्हाला वाटे, पथ्य पाळून राहिले. आज मी ताट फिरवून ठेवलं.

बाबा चटणीकडे पाहत राहिले. मग आईला म्हणाले, "आज वाढली वं तू चटणी. मले वाटे, बंदच केली."

आई तर रोज वाढत होती.

गाडीची चाबी माझ्या खिशात आहे. तुमच्या घरचं कोणी लकव्यातून उठून गाडी चालवून राहिलं असेल, तर त्यांची नजर कोणी तपासली का?