वरचा सूर

जपानातल्या सुवाच्या तळ्याकाठच्या त्या कारखान्यात संगीतपेट्या बनायच्या. मुठीत मावेल एवढी लाकडी पेटी. चावी दिली की आतलं काटेरी नळकांडं फिरायचं, पोलादी फणीचे दात छेडायचं आणि अंगाई वाजायची. दुकानात जाण्याआधी प्रत्येक पेटी शेवटची ऐकायची ती शिझुए. एखादा दात बेसूर आहे की घरघरतोय, हे ठरवायचं तिच्या कानांनी. शाळा संपल्यावर ती त्या तपासणीच्या बाकावर येऊन बसली ती बसलीच. लग्न झालं, नवरा गेला, मुलगी ओसाकाला नांदायला गेली. बाक काही सुटला नाही.

दिवसभर तेच गाणं ऐकून माणूस वेडा होईल, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. शिझुएला वाटायचं, हे गाणं संपतच नाही. एक पेटी थांबते तिथून दुसरी सुरू होते, खिडकीबाहेर सुवाचं तळं धुक्यात विरघळत असतं, आणि आपण बाकावर आहोत की आईच्या पाठीवर झोपलोय, हे तिला कित्येकदा कळायचं नाही. काम मात्र चोख.

बाकांच्या वरून दालनभर एक दोरी गेली होती. चूक दिसली की कुणीही ती ओढायची. टोकाला जुन्या होडीवरची जाड घंटा होती. ती वाजली की सगळं काम थांबायचं आणि मुकादम मोमोसे धावत यायचा. आल्या आल्या म्हणायचा, "बरं केलंत." मग विचारायचा, "असं का झालं?" उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा "का?" हट्टी पोरासारखा तो त्या 'का'चं शेपूट धरून मुळाशी जायचा. माणसावर डाफरायचं नाही, चूक कामात कुठून शिरली ते शोधायचं, हा कारखान्याचा कायदा. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेला होता. आता भिंतीवरचं माणसं किती पाळतात, ते काय सांगायचं!

त्या हिवाळ्यात टोकियोहून परीक्षक यायचे होते. काम सर्वांत चोख करणाऱ्या कारखान्याला पदक मिळणार होतं. मोमोसे वसंतात निवृत्त होणार. जाण्याआधी ते पदक भिंतीवर लागलेलं बघायचं, एवढाच त्याचा ध्यास.

परीक्षक आले त्या सकाळी चहाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. चहा आणि तोंडी लावायला खारवलेला पाला, गप्पांना ऊत. शिझुए शाल विसरली म्हणून परत वर आली. बघते तर शेजारच्या बाकावरची रित्सुको शिझुएनं पास केलेल्या पेट्या एकेक करून कानाशी धरत होती. काही फडक्याखाली सरकवत होती.

"काय चाललंय गं?"

"काही नाही, शिझुएसान. पुसत होते."

"फडक्याखाली लपवून पुसतात होय?" शिझुएनं त्यातली एक पेटी उचलून चावी दिली. अंगाई वाजली, गोड आणि स्वच्छ. "चांगली तर आहे."

रित्सुको उरलेल्या पेट्यांवर फडकं ओढू लागली.

"बोल की. तोंडात पाला आहे का?"

"वरच्या सुराचा दात घरघरतोय," रित्सुको हळूच म्हणाली.

शिझुएनं पेटी पुन्हा कानाशी नेली. अगदी चिकटवली. तिला काही ऐकू आलं नाही.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. तुम्ही मला हाताला धरून हे काम शिकवलंत, मी कुणाला सांगणार? मी एकदा ऐकते आणि खराब असतील त्या दुरुस्तीला ठेवून येते. अजून काही वर्षं सहज निघतील, शिझुएसान."

शिझुएला रडू आलं आणि रागही आला. या पोरीला जवळ घ्यावं की झोडावं, तिला कळेना. बाक गेला तर उरणार काय? रिकामं घर, आणि कुठेच गाणं नाही. मग तिला काहीतरी आठवलं.

"आणि तू तापानं पडली होतीस, तेव्हा?"

रित्सुकोनं मान खाली घातली.

म्हणजे तेव्हाच्या पेट्या तशाच गेल्या. कुठल्या कुठल्या गावात, कुणाच्या कुणाच्या उशाशी, बाळं ती घरघर ऐकत झोपत होती.

सुट्टी संपली. माणसं बाकांवर बसली. मोमोसे परीक्षकांना घेऊन आत आला, तोंडावर नुसता आनंद. शिझुए त्याच्याकडे बघत राहिली. उद्या सांगू, तिच्या मनात आलं. आजचा दिवस जाऊ दे. तिनं समोरच्या पेटीला चावी दिली. अंगाई वाजली. कुठला सूर आपल्यापर्यंत येत नाही, तेही तिला समजेना.

तिनं दोरी ओढली.

मोमोसे धावत आला. चेहरा पांढराफटक, पण तोंडातून सवयीनं निघालंच, "बरं केलंत." मग म्हणाला, "काय झालं?"

"खराब पेट्या दुकानात गेल्यात, मुकादम."

"का?"

"मला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

"आम्हाला कळलं का नाही?"

रित्सुको उभी राहिली. "मी लपवलं."

"का लपवलंस?"

"त्यांचा बाक गेला असता म्हणून."

"बाक का..." मोमोसे थांबला. याचं उत्तर त्या दोघींनी नाही, त्यानंच द्यायचं होतं. तळ्यावर बर्फ तडकल्याचा आवाज आला.

"कारण कान गेलेल्या माणसाचं पुढे काय, याचा मी कधी विचारच केला नाही," तो म्हणाला, आणि शिझुएपुढे कमरेत खोल वाकला.

त्या वर्षी पदक मिळालं नाही. मोमोसे रिकाम्या भिंतीकडे बघत निवृत्त झाला. पण जाण्याआधी शिझुएचा बाक त्यानं खिडकीपाशी हलवला. तिथे ती नव्या मुलींना ऐकायला शिकवू लागली. तिच्या जुन्या जागी, पेट्या शेवटच्या ऐकायला, रित्सुको बसली.

पुढे पुढे अंगाईतला एकेक सूर वरून गळत गेला. शिझुए तो आठवणीतून भरून काढायची आणि तळ्याकडे बघत बसायची. मध्येच कधी रित्सुको दोरी ओढायची. घंटा जाड आवाजाची होती. ती शिझुएला शेवटपर्यंत ऐकू आली, आणि दर वेळी ती स्वतःशीच पुटपुटायची, "बरं केलंस, पोरी."