खाकी कागदावरची थाप

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, दुकानांच्या गर्दीतल्या एका इमारतीच्या वरच्या माळ्यावर आमचा जीन्सचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चौदा शिलाई मशीन, एक लांबलचक कटिंग टेबल आणि खिडकीशी माझं छोटं टेबल. मी पॅटर्न काढते. पँटचा पुढचा भाग, मागचा भाग, खिसा, कमरपट्टी, या प्रत्येकाचा आकार जाड खाकी कागदावर आखायचा, कापायचा आणि तारेला टांगून ठेवायचा. अठरा वर्षं मी हेच करत आले आहे.

दुपारी जेवणानंतर अर्धा तास मशीन बंद असतात. पंखा तेवढा फिरत राहतो. त्याच्या वाऱ्यानं तारेवरचे कागद एकमेकांना घासतात आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात निळ्या कापडाचे बारीक तंतू तरंगत असतात. टेबलावर डोकं टेकलं की अर्धवट झोपेत मला वाटायचं, ही माणसंच आहेत. कमरेपासून खाली असलेली, कुठंतरी निघालेली, पण अजून ठरत नाहीये कुठं.

दिवाळीनंतरच्या अशाच एका दुपारी आमचे सिंधी शेठ एका बाईंना घेऊन आले. "वडी साईं, माप इनको बताओ," असं बाईंना सांगून ते खाली निघून गेले. बाई साठीच्या आसपासच्या, आखूड पांढरे केस, डावा पाय जरा ओढत चालणाऱ्या. बदलापूरला मुलींना नाच शिकवतात, आठ सैल पँटी शिवून हव्यात, असं म्हणाल्या. मी टेप शोधत होते तोवर त्या तारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. एका कागदाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. बोटाबरोबर घशातून बारीक आवाज येत होता. कड सरळ होती तोवर आवाज सरळ, आसनाच्या, म्हणजे बैठकीच्या, गोलाईवर तो वर चढला. खाचेपाशी त्यांनी जिभेनं 'टक्' केलं.

"हा बाण कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला ठेवायचा ते कळायला."

"आणि या खाचा?"

"दोन तुकडे जोडताना खाचेला खाच लागायला पाहिजे. नाहीतर पाय पिळतो."

"आणि हे भोक?"

"तिथं खिसा येतो."

त्या हसल्या. "म्हणजे कुठं तोंड करायचं, कुठं भेटायचं, कुठं थांबायचं, सगळं लिहून ठेवलंय तुम्ही."

मग त्यांनी सांगितलं की तरुणपणी त्यांनी असं संगीत पाहिलं होतं जे सा रे ग म मध्ये लिहिलेलंच नव्हतं. नुसत्या रेषा, ठिपके, डाग. गाणाऱ्यानं ते बघून गायचं, नाचणाऱ्यानं त्यावरच नाचायचं, आणि पुढचं पान कुठलं ते फासे टाकून ठरवायचं. "तेव्हापासून करून बघायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "मला आखता येत नाही. तुम्ही आखाल?"

बाई थोड्या वेगळ्याच आहेत, असं वाटलं. तरी मी हो म्हटलं. कापड कापण्यासाठी नसलेला कागद माझ्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. माझा नवरा तिथल्याच एका कंपनीत पत्रे दाबायच्या मशीनवर होता. एवढी वर्षं तो आवाज ऐकून ऐकून त्याचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझा स्वयंपाकघरातला आवाज. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्याला बरंच कळतं. त्याचं खरं दुःख वेगळं होतं. तो आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. पेटी ऐकू येईनाशी झाली तशी त्याची सम चुकायला लागली. मंडळातली माणसं चांगली. कुणी काही बोललं नाही. एका गुरुवारी फक्त पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर होता आणि याच्या हातात झांजा दिल्या. त्यानं त्या दिवशी झांजा वाजवल्या, घरी आला, पखवाजाला चादर गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिला. त्याला चार वर्षं झाली होती.

रविवारी मी जमिनीवर खाकी कागद पसरून बसले. काय काढायचं ते सुचत नव्हतं. सवयीनं हात मागच्या भागाची गोलाई काढायला गेला, मग मी ती तशीच पुढं जाऊ दिली. कमर संपली, पाय संपला, रेष कागदाच्या काठापर्यंत गेली. तिच्यावर खाचा दिल्या, आधी लांब लांब, मग जवळ जवळ. मध्येच एक मोठं भोक. दुसऱ्या कागदावर तुटक रेषा, शिलाईसारख्या. तिसऱ्यावर बाणच बाण.

नवरा पलंगावर बसून बघत होता. "ही पँट कुणाच्या अंगात बसणार?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. मग पुन्हा आखायला लागले. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. नजर कागदावर. खाचा लांब होत्या तिथं बोटं सावकाश पडत होती, जवळ आल्या तिथं भराभर. भोकापाशी हात हवेत थांबला. बराच वेळ थांबला.

मग त्यानं विचारलं, "कणीक मळलेली आहे का?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज खोल निघतो. संध्याकाळच्या पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं स्टुलावर चढून पखवाज खाली काढला, चादर सोडली, कणीक थापली आणि एकच थाप दिली. कानांना ती किती कळली कुणास ठाऊक, पण मांडीला कळली असावी. त्यानं डोळे मिटले.

मी बाईंना फोनवर हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, दोघंही या. पुढच्या रविवारपासून आम्ही दोघं शेअर रिक्षानं बदलापूरला जायला लागलो, पखवाज मांडीवर आडवा घेऊन. बाईंचा क्लास त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये चालायचा. हॉलच्या खिडकीतून नव्या इमारतींच्या मधल्या फटीत डोंगराचा निळा तुकडा दिसायचा. आठ मुली होत्या, बहुतेक कॉलेजातल्या. त्या आधी माझ्या कागदांकडे आणि मग एकमेकींकडे बघायच्या. "काकू, ये क्या है? म्हणजे काउंट किती धरायचा?" एकीनं विचारलं. मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "काउंट नाही. रेष संपेल तेव्हा संपेल."

सात कागद होते. सहा भरलेले आणि एक कोरा. कोरा बाईंनी मुद्दाम ठेवायला लावला. त्यांच्याकडे सहा कवड्या होत्या. जमिनीवर टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील त्या नंबरचा कागद उचलून भिंतीवर लावायचा. एकही उताणी पडली नाही तर कोरा कागद, आणि तिथं कार्यक्रम संपवायचा. रेष चढली की मुलींनी उठायचं, उतरली की बसायचं. बाण दिसला की तिकडं वळायचं. नवरा खाचा वाजवणार, तुटक रेषा मुली पायांनी वाजवणार. भोक आलं की सगळं बंद. त्यातून बाहेर कधी यायचं ते कुणीही ठरवावं. एखादीचा पाय हलला की पुन्हा सुरू.

पहिल्या दिवशी नवरा दोनदा अडखळला आणि त्यानं हात खाली ठेवले. मला म्हणाला, "चल, घरी जाऊ. पोरींचं नुकसान करतोय मी."

बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यामुळं त्यांना बसायला वेळ लागला. त्याला दिसेल असं सावकाश बोलल्या, "दादा, चुकलात कशावरून? मूळ कसं आहे, ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. मग मुलींच्या पायांकडे. त्यानंतर त्यानं कधी घरी जायचं म्हटलं नाही. कान बाजूला ठेवून तो पायांवर वाजवायला लागला. एखादीची टाच उचलली गेली की त्याचा हात वर जायचा, टाच टेकली की थाप पडायची. कधी कधी मला उलटंच वाटायचं, की थापच आधी पडते आणि पाय तिच्यावर उतरतात. आठवणीत त्या सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्यात. हॉलमध्ये फरशीचा गारवा असायचा, कुणाच्या तरी घरून फोडणीचा वास यायचा. मी भिंतीला टेकून माझ्याच रेषा माणसं होऊन फिरताना बघत बसायचे. कारखान्यात डुलकी लागताना दिसायचं तेच, फक्त आता त्यांना डोकी होती आणि केस होते.

जानेवारीत सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम होता. बाईंनी पंधरा मिनिटं मागून घेतली. संध्याकाळी सहाचा सुमार, खाली मोकळ्या जागेत स्टेज बांधलेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं सतरंजीवर लहान मुलं. सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं, "आता एक नवीन प्रकारचा डान्स." गाणं कुठलं ते त्यांनी दोनदा विचारलं होतं.

बाईंनी कवड्या टाकल्या. चार. मुलींनी स्टेजवर उभ्या केलेल्या लाकडी चौकटीत कागद लावला, आणि चांगलं झालं. लोक जरा कुजबुजत होते, पण बघत होते. दुसऱ्यांदा दोन. तो तुटक रेषांचा कागद, पायांचा. लहान मुलांनी सतरंजीवर पाय आपटून साथ दिली आणि हशा झाला. तिसऱ्यांदा कवड्या पडल्या आणि सगळ्या पालथ्या.

सरावात हे एकदाही झालं नव्हतं. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मुलींनी कोरा कागद लावला आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आठही जणी बाईंकडे बघत होत्या, बाई कागदाकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "विसरले वाटतं." माझ्या नवऱ्याचा हात पखवाजावर तसाच टेकलेला होता आणि तो गर्दीत मला शोधत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो झांजांचा गुरुवार होता.

मी उठले. माझ्या पर्समध्ये मार्किंगचा खडू कायम असतो. स्टेजवर चढेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय करणार आहे. कागदापुढं उभी राहिले आणि डाव्या कोपऱ्यातून रेष सुरू केली. पाठीमागून थाप आली. इतकी हलकी, की मला ती फळीतून तळपायाला आधी कळली. मी रेष वर नेली, थाप भरत गेली. मी थांबले, तीही थांबली. मी वळून न बघता एक खाच दिली, आणि त्याच क्षणी ती वाजली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढं सलग बोलणं आमच्यात फार दिवसांत झालं नव्हतं.

मग पायांचा आवाज आला. मुलींचा नव्हता, तो मी ओळखत होते. एक पाय नीट पडत होता आणि एक ओढत येत होता. बाई नाचत होत्या. ओढत्या पायाचा घासल्यासारखा आवाज मी कागदावर तसाच उतरवला, खडू आडवा धरून. हळूहळू मुली त्यांच्याभोवती आल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खडू संपत आला, कागदही संपला, आणि रेष लाकडी चौकटीवर गेली तेव्हा मी हात काढला.

टाळ्या मध्यम पडल्या. सेक्रेटरींनी लगेच माइक घेऊन फॅन्सी ड्रेसच्या मुलांना बोलावलं. वर हॉलकडे जाताना जिन्यात एका बाईनं मला विचारलं, "तुमचं पेंटिंग आधीच का नाही करून ठेवलंत? वेळ वाचला असता." मी म्हटलं, "पुढच्या वेळी ठेवू." नवरा शेजारी उभा होता. तिचे ओठ त्यालाही दिसले होते. तो इतका हसला की त्याला पखवाज खाली ठेवावा लागला.

उन्हाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या मुलीकडे नागपूरला गेल्या. क्लास बंद झाला. अधूनमधून त्यांचा व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, कधी छतावरच्या ओलीचा डाग, कधी कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या. खाली लिहितात, "दादांना दाखवा." भजनी मंडळातली माणसं नवऱ्याला एकदा बोलवायला आली होती. त्यानं चहा पाजला आणि नको म्हणाला. रागानं नाही.

मागच्या महिन्यात त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली आणि एक कागद छापून दिला. चौकटी चौकटींचा कागद, त्यावर दोन रेषा. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. दोन्ही रेषा डावीकडे जरा वर होत्या आणि पुढं उतरत उतरत खाली गेल्या होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "आधीच्यापेक्षा कमी झालंय. मशीन लावावं लागेल. ते तरी किती दिवस उपयोगी पडेल, सांगता येत नाही."

रिक्षात मला रडू येत होतं, आणि माझे ओठ त्याला दिसू नयेत म्हणून बाहेर बघत बसले. तो कागद उघडून बघत होता.

घरी आल्यावर त्यानं तो समोरच्या भिंतीवर चिकटवला आणि कणीक मागितली. लाल गोल उजव्या हाताला, निळ्या फुल्या डाव्या हाताला. सुरुवात मोठी झाली, दोन्ही तोंडं भरून. मग दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडत उतरायला लागल्या, थापा लांब लांब पडत गेल्या. शेवटची फुली त्यानं नुसत्या बोटाच्या टोकानं वाजवली. मला ती ऐकू आली नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"वाजली," तो म्हणाला.